चेक इंजिनचा दिवा लागला तर: घरच्या घरी ईसीयू वाचायचा कसा आणि रीसेट करायचा कधी

सकाळी ऑफिसला निघताना किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, बाकीचे सगळे दिवे गेले आणि इंजिनाच्या आकाराचा तो पिवळा दिवा मात्र तसाच राहिला. हा अनुभव आज ना उद्या प्रत्येक गाडीवाल्याला येतो. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, बॅटरीची वायर काढून परत लाव, दिवा जाईल. कुणी म्हणतं, स्कॅनर लावून कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने केलेली दोषाची नोंद, उडव. दोन्ही सल्ल्यांनी दिवा जाऊ शकतो. गाडीचं दुखणं मात्र बहुतेक वेळा तिथंच राहतं, आणि ते शोधायला लागणारी माहिती तेवढी पुसली जाते.

हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो. नवीन स्कॅनर हातात आला त्या आठवड्यात दिवा लागला. मी कोडचा आकडासुद्धा नीट न वाचता ‘क्लिअर’ दाबलं. तीन दिवसांनी ऐन पावसात गाडी घाटात मिसिंग मारायला लागली. गॅरेजमध्ये नेली तर तिथल्या मिस्त्रीच्या हाती काहीच नोंद नव्हती. त्याने अंदाजाने आधी प्लग बदलले, मग पेट्रोलचा फिल्टर. पैसे गेले, दोन शनिवार गेले, आणि दोष होता एका इग्निशन कॉइलमध्ये, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागात. त्या पहिल्या कोडमध्ये ‘तिसरा सिलिंडर’ असं स्वच्छ लिहिलेलं असणार होतं. तेव्हापासून माझ्या गाडीच्या कप्प्यात एक चाळीस पानी वही असते. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्या वहीभोवती फिरतात: आधी वाचा, लिहून घ्या, कारण शोधा, दुरुस्त करा, आणि मगच पुसा.

दिवा कसा लागलाय ते आधी बघा

दिवा स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल, आवाज किंवा वास वेगळा नसेल, तर घाबरायचं कारण नाही. सावकाश चालवत घरी या आणि निवांत बघा.

दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी आहे. याचा अर्थ एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतच नाही आणि ते कच्चं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय. तिथं ते पेटतं, कन्व्हर्टर प्रमाणाबाहेर तापतो आणि आतली जाळी वितळू शकते. कॉइल बदलण्याचा खर्च आणि कन्व्हर्टर बदलण्याचा खर्च यांची तुलनाच होत नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या, आणि लुकलुकणं थांबत नसेल तर टो करून न्या.

ऑइलचा लाल दिवा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला असेल तर हा लेख बाजूला ठेवा. इंजिन लगेच बंद करायचं. तिथं स्कॅनरचं काम नाही.

ईसीयू नेमकं काय लक्षात ठेवतो

ईसीयू म्हणजे इंजिनाचा कारभार पाहणारा छोटा संगणक. किती हवा आत आली, पाणी किती गरम आहे, क्रँक कुठं आहे, सायलेन्सरमधून जाणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय, हे सेन्सरकडून घ्यायचं आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची ते ठरवायचं, हे काम तो सेकंदाला कितीतरी वेळा करतो.

त्याच्याकडे दोन प्रकारच्या आठवणी असतात. एक म्हणजे दोषांची नोंद, म्हणजेच कोड. दुसरी म्हणजे तो तुमच्या गाडीकडून हळूहळू शिकलेल्या गोष्टी. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीत थोडा कार्बन धरलाय, इंजेक्टर जरा कमी पेट्रोल देतोय, हे ओळखून तो आपलं गणित थोडं थोडं बदलत असतो. रीसेट केलं की या दोन्ही आठवणी जातात. त्यामुळे रीसेटनंतर एक-दोन दिवस गाडी कधी जास्त छान वाटते, कधी आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, आरपीएमचा काटा वरखाली करते. ‘रीसेट केल्यावर पिकअप वाढला’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. पण संगणक पुन्हा शिकला की गाडी मूळ पदावर येते.

आपल्या गाडीला हे चालेल का

स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वरच्या बाजूला वाकून बघा. सोळा पिनांचं, वर रुंद आणि खाली अरुंद असं एक सॉकेट दिसेल. काही गाड्यांत त्यावर छोटं झाकण असतं किंवा ते फ्यूज बॉक्सच्या शेजारी लपलेलं असतं. हेच ओबीडी पोर्ट, म्हणजे स्कॅनर लावून ईसीयूशी बोलायची जागा. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ही पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे चारचाकींना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून लागू झालं. त्यामुळे त्यानंतरची गाडी असेल तर साधा स्कॅनर चालायला हवा. त्याआधीच्या काही गाड्यांत पोर्ट त्याच आकाराचं असतं, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असते. तिथं स्वस्तातला अ‍ॅडाप्टर नुसता दिवा लुकलुकवत बसतो, जोडला जात नाही.

काय विकत घ्यायचं

स्कॅनर म्हणून सुरुवातीला ईएलएम३२७ जातीचा, पोर्टमध्ये बसवून फोनला जोडायचा ब्लूटूथ अ‍ॅडाप्टर पुरे. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असतो. बाजारातले बहुतेक नकली चिपवर चालतात, त्यामुळे अगदी स्वस्तातला घेतला तर तो मध्येच तुटतो किंवा काही आकडे दाखवतच नाही. चार पैसे जास्त देऊन, परत करता येईल अशा ठिकाणाहून घ्या. आयफोन असेल तर खोक्यावर ‘ब्लूटूथ लो एनर्जी’ किंवा ‘वाय-फाय’ लिहिलंय का बघा. जुना साधा ब्लूटूथवाला आयफोनला चालत नाही.

अ‍ॅपमध्ये अँड्रॉइडवर ‘टॉर्क’ बऱ्याच वर्षांपासून लोक वापरतात. ‘कार स्कॅनर’ दोन्ही फोनवर चालतं आणि नवख्यांना सोपं जातं. याशिवाय दहा नंबरचा पाना, हातमोजे, साधा मल्टिमीटर, टॉर्च आणि ती वही. एवढ्यावर खूप काम होतं.

हा अ‍ॅडाप्टर एबीएस आणि एअरबॅगचे कोड सहसा वाचत नाही. त्यासाठी वेगळा, महागडा स्कॅनर लागतो. आणि एअरबॅगची पिवळी वायर किंवा कनेक्टर घरी कुणीही उघडू नये, नवख्याने तर मुळीच नाही.

पहिलं वाचन

गाडी मोकळ्या जागेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून काम करायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला झोपेतच नेतो. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा.

इग्निशन बंद असताना अ‍ॅडाप्टर पोर्टमध्ये बसवा. सरळ दाबा, वाकडा रेटू नका, पिना नाजूक असतात. मग किल्ली ‘ऑन’वर आणा, सेल्फ मारू नका. पुश बटणाच्या गाडीत क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबलं की बहुतेक वेळा हीच अवस्था येते. फोनच्या ब्लूटूथमध्ये अ‍ॅडाप्टर शोधा. पिन विचारला तर १२३४ किंवा ०००० टाकून बघा. लो एनर्जीवाला असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये जोडायची गरज नसते, थेट अ‍ॅपमधूनच जोडायचा. अ‍ॅपमध्ये ‘कनेक्ट’ केलं की काही सेकंदांत ईसीयूशी बोलणं सुरू होतं.

आता ‘फॉल्ट कोड’ उघडा आणि जे दिसेल ते सगळं वहीत उतरवा. कोड, तारीख, किलोमीटरचं रीडिंग, आदल्या दिवशी काय घडलं होतं: पेट्रोल भरलं, गाडी धुतली, सर्व्हिसिंग झालं, पाणी साचलेल्या रस्त्यातून आलो. स्क्रीनचा फोटोही काढून ठेवा.

‘पेंडिंग’ नावाची वेगळी यादी असते, तीही बघा. बरेचसे दोष सलग दोन फेऱ्यांत दिसले तरच ईसीयू दिवा लावतो. पहिल्या फेरीत दिसलेला दोष पेंडिंगमध्ये थांबलेला असतो. म्हणजे दिवा लागायच्या आधीच तुम्हाला चाहूल लागू शकते.

कोडची फोड

कोडमध्ये एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे असतात. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, ‘बी’ म्हणजे बॉडी, ‘सी’ म्हणजे चेसिस, ‘यू’ म्हणजे गाडीतल्या संगणकांचं आपसातलं बोलणं. त्यानंतरचा पहिला आकडा शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना समान. एक असेल तर कंपनीचा स्वतःचा, त्याचा अर्थ त्या मॉडेलच्या माहितीतच शोधायचा. त्याच्या पुढचा आकडा भाग सांगतो: एक-दोन हवा आणि इंधन, तीन ठिणगी, चार प्रदूषणाची यंत्रणा.

पी०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट न जळणं. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे नेमका तो सिलिंडर. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त. पी०१७२ त्याच्या उलट. पी०१२८ म्हणजे इंजिन पाहिजे तेवढं तापत नाही. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरचं काम घसरलंय. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी.

इथं नवखे लोक हमखास एक चूक करतात, आणि ती खर्चिक असते. कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव येतं तो सेन्सरच खराब आहे असं धरून चालतात. कोड तक्रार सांगतो, तक्रार करणाऱ्याला दोषी ठरवत नाही. ऑक्सिजन सेन्सरने ‘मिश्रण पातळ आहे’ म्हटलं तर तो बहुधा खरंच बोलतोय: कुठंतरी पाइप फुटलाय, पेट्रोलचा दाब कमी पडतोय किंवा सेन्सरच्या आधीच सायलेन्सर गळतोय. नवीन सेन्सर बसवला तर तोही तेच सांगेल.

फ्रीज फ्रेम: दोष घडला त्या क्षणाचा फोटो

दिवा लावताना ईसीयू त्या क्षणाचे आकडे जपून ठेवतो. वेग किती, आरपीएम किती, पाणी किती गरम, इंजिनावर भार किती. अ‍ॅपमध्ये याला ‘फ्रीज फ्रेम’ म्हणतात. रीसेट केलं की हे पुसलं जातं, म्हणूनच ते आधी वहीत आलं पाहिजे.

समजा मिसफायरचा कोड आहे आणि फ्रीज फ्रेममध्ये वेग शून्य, आरपीएम ७५०, पाणी ३० अंश असं दिसतंय. म्हणजे सकाळी थंड इंजिन सुरू केल्याबरोबर दोष आला. तेच ३,००० आरपीएम, ९२ अंश आणि भरपूर भार दिसला तर गाडी चढाला असताना दम तोडत होती. पहिल्यात ओलसरपणा किंवा प्लग संशयित, दुसऱ्यात भाराखाली दगा देणारी कॉइल किंवा अपुरा पडणारा पेट्रोलचा दाब. ‘कधी होतं?’ हा मिस्त्रीचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर इथं लिहिलेलं असतं.

चालू आकडे वाचताना

‘लाइव्ह डेटा’मध्ये शंभर गोष्टी दिसतात. नवख्याने चार-पाच बघाव्यात.

बॅटरी व्होल्टेज: इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ ठीक, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. यापेक्षा कमी असेल तर बाकीच्या कोडवर विश्वास ठेवण्याआधी बॅटरी, टर्मिनल आणि अल्टरनेटर बघा. कमकुवत बॅटरीमुळे एकदम पाच-सहा असंबद्ध कोड येतात आणि माणूस हादरतो. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर साफ करून घट्ट आवळलं की त्यातले निम्मे गायब झालेले मी पाहिलेत. नव्या गाड्यांत बॅटरीची गरज बघून ईसीयू चार्जिंग कमीजास्त करतो, तेव्हा आकडा थोडा वरखाली झाला तर लगेच निष्कर्ष काढू नका.

तापमानाची एक सुंदर चाचणी आहे, फुकट आणि अचूक. गाडी रात्रभर उभी राहू द्या. पहाटे सेल्फ मारण्याआधी फक्त इग्निशन ऑन करून पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेइतके हवेत. एकात २२ आणि दुसऱ्यात उणे ४० दिसलं तर पुण्यात हिमवर्षाव झालेला नाही, त्या सेन्सरची वायर तुटली आहे. उणे ४० हा बहुतेक गाड्यांत ‘माझ्यापर्यंत काहीच पोचत नाही’ याचा आकडा असतो. बॉनेट उघडून टॉर्चने वायर शोधत जा. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर कुरतडलेली जागा बहुधा सापडतेच. ताज्या कुरतडीत तांबं चकचकीत दिसतं आणि आजूबाजूला वायरच्या आवरणाचा बारीक भुसा पडलेला असतो.

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर पाणी साधारण ८५ ते १०० अंशांत स्थिरावायला हवं. हायवेला ६५-७० वरच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे गार पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह, उघडाच अडकलाय किंवा तिथं थर्मोस्टॅटच नाही. आपल्याकडे गाडी एकदा गरम झाली की ‘व्हॉल्व्ह काढून टाकतो, कटकट नको’ म्हणणारे मिस्त्री खूप आहेत. त्याने गाडी गरम व्हायची थांबते, पण ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. जुनी गाडी घेतली असेल आणि अ‍ॅव्हरेजची तक्रार असेल तर हे सर्वात आधी तपासा.

शेवटचा आकडा म्हणजे फ्यूएल ट्रिम, शॉर्ट आणि लाँग. ईसीयू ठरलेल्या पेट्रोलात किती टक्के भर घालतोय किंवा काटछाट करतोय ते हे दाखवतं. उणे १० ते अधिक १० च्या आत असेल तर चिंता नाही. अधिक २० दिसत असेल तर मिश्रण पातळ पडतंय आणि ईसीयू पेट्रोल वाढवून सांभाळतोय. मग आयडलचा आकडा आणि २,५०० आरपीएमला धरलेला आकडा, दोन्ही लिहा. आयडलला जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर कमी होत असेल तर कुठूनतरी चोरटी हवा आत शिरतेय, व्हॅक्यूमचे रबरी पाइप बघा. उलट, आरपीएम आणि भार वाढवला की आकडा वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाही किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय.

सीएनजीवाल्यांनी हीच नोंद दोनदा घ्यावी, एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर. पेट्रोलवर सगळं छान आणि गॅसवर ट्रिम बिघडतंय असं दिसलं तर गाडीच्या ईसीयूला दोष देऊ नका. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटचा स्वतःचा वेगळा संगणक असतो आणि त्याचं ट्यूनिंग किटवाल्याकडेच होतं. नुसता दिवा पुसत राहिलात तर दर आठवड्याला पुसावा लागेल.

गाडी चालवताना फोनकडे बघायचं नाही. शेजारी कुणीतरी बसवा आणि त्याला आकडे वाचायला सांगा.

कॉइलची अदलाबदल, अगदी सावकाश

मिसफायरचा कोड आला तर घरी करता येणारी ही सगळ्यात उपयोगी तपासणी आहे. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या पेट्रोल गाडीला ती लागू पडते. समजा पी०३०३ आहे.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. किल्ली काढून खिशात ठेवा. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरतो, त्यामुळे तिकडे हात आणि बाही नेऊ नका. वरचं प्लास्टिकचं झाकण काढलं की एका रांगेत कॉइल दिसतील. बहुतेक गाड्यांत टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला धरतात, पण मॉडेलनुसार खात्री करून घ्या. खडूने प्रत्येक कॉइलवर आकडा लिहा.

तिसऱ्या कॉइलचा कनेक्टर काढताना वायर ओढायची नाही. बाजूला एक छोटी जीभ असते, ती अंगठ्याने दाबून धरली की कनेक्टर सरकतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती जीभ कडक झालेली असते आणि जोर लावला की टचकन तुटते. मग दहाचा बोल्ट सोडवा आणि कॉइल हलकेच डावी-उजवी फिरवत वर घ्या. खालच्या रबरी नळीवर पाणी, ऑइल किंवा पांढरट-करडी रेघ दिसते का ते उजेडात बघा. बॉनेटखाली प्रेशरने पाणी मारून गाडी धुतली असेल तर कॉइल जिथून काढली त्या खोल विहिरीत पाणी साचलेलं सापडतं. ते टिपून वाळवलं की बऱ्याचदा तिथंच प्रश्न मिटतो.

तसं काही नसेल तर तिसरी कॉइल पहिल्याच्या जागी आणि पहिली तिसऱ्याच्या जागी बसवा. कनेक्टर ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा, बोल्ट हाताला लागेल एवढाच घट्ट करा. कोड वहीत आहेच, तेव्हा तो आता पुसा आणि गाडी फिरवून आणा. पुन्हा कोड आला आणि तो पी०३०१ असेल तर दोष कॉइलबरोबर चालत गेला. एक कॉइल विकत घ्या, बाकी कशाला हात लावू नका. कोड पी०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष आहे. मग हाच प्रयोग प्लगवर करा, आणि तरीही तिसराच सिलिंडर आला तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन बघायला गॅरेज गाठा. या तपासणीत एक रुपयाचा सुटा भागही विकत घ्यावा लागत नाही, आणि संशयाची जागा एका सिलिंडरवरून एका वस्तूवर येते.

आता रीसेट

कारण सापडलं, दुरुस्ती झाली, वहीत सगळं आहे. अशा वेळी रीसेट करायचं. सर्वात चांगला मार्ग स्कॅनरचा. इग्निशन ऑन, इंजिन बंद, अ‍ॅपमध्ये ‘क्लिअर’. अनेक गाड्या इंजिन चालू असताना हा आदेश मानत नाहीत. मग इग्निशन बंद करून पुन्हा ऑन करा आणि कोड परत वाचा. एखादा तत्काळ परत आला तर तो दोष या घडीलाही आहे.

बॅटरी काढण्याचा मार्ग मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. घड्याळ, रेडिओची स्टेशनं, खिडकीचं आपोआप वर जाणं हे सगळं पुसलं जातं. काही स्टिरिओ कोड मागतात. आणि एवढं करूनही बऱ्याच नव्या गाड्यांत दोषांची नोंद बॅटरीशिवायही टिकून राहते. पण स्कॅनर हाताशी नसेल आणि करायचंच असेल तर क्रम सांभाळा. ड्रायव्हरची काच खाली ठेवा, किल्ली बाहेर तुमच्याजवळ हवी, डिकीत बॅटरी असेल तर डिकी बंद करू नका. इग्निशन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे सगळे संगणक झोपी जातात. मग दहाच्या पान्याने फक्त निगेटिव्ह, म्हणजे काळ्या वायरचं टर्मिनल सैल करून काढा. आधी पॉझिटिव्हला हात घातला आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते. म्हणूनच निगेटिव्ह आधी. काढलेलं टर्मिनल जाड कापडात गुंडाळून बाजूला ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी घट्ट बसवा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची नाही, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. व्होल्टेजचा झटका बसून ईसीयू खरोखरच जळू शकतो.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत नारिंगी, म्हणजे जास्त व्होल्टेजची वायर दिसली की हात मागे. ज्या गाड्यांत दोन बॅटऱ्या असतात किंवा निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असतो, तिथं मॅन्युअल वाचल्याशिवाय काही सोडवू नका.

डिझेलवाल्यांना कळकळीचं सांगणं. बीएस-६ गाडीत डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा लागला तर तो पुसण्याचा विषयच नाही. फिल्टरमध्ये काजळी साचली आहे आणि ती जाळायला गाडीला मोकळ्या रस्त्यावर सलग चालायला हवं. मॅन्युअलमध्ये वेग आणि आरपीएम दिलेले असतात, त्याप्रमाणे एक फेरी मारा. दिवा पुसून शहरातल्या शहरात फिरत राहिलात तर फिल्टर इतका चोंदतो की शेवटी तो बदलावाच लागतो.

रीसेटनंतरची पहिली फेरी

बॅटरी काढली असेल तर अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता इग्निशन ऑन करा, अर्धा मिनिट थांबा, मग गाडी सुरू करा. एसी बंद ठेवून पाच मिनिटं आणि एसी लावून पाच मिनिटं आयडलला चालू द्या. काटा सुरुवातीला हलेल, मग ७००-८०० च्या आसपास बसेल.

पुढचं काम रेडिनेस मॉनिटरचं. रीसेटनंतर ईसीयू आपल्या यंत्रणा एकेक करून पुन्हा तपासतो. अ‍ॅपमध्ये त्या ‘इनकम्प्लीट’वरून ‘कम्प्लीट’वर जाताना दिसतात. त्यासाठी सकाळी थंड इंजिन सुरू करा, थोडा वेळ शहरातल्या रहदारीत जा, मग मोकळ्या रस्त्यावर टॉपच्या गिअरमध्ये ६० ते ८० च्या वेगाने दहा-पंधरा मिनिटं एकसारखी चालवा, आणि मध्येच गिअरमध्येच ठेवून ब्रेक न लावता वेग उतरू द्या. टाकी काठोकाठ भरलेली किंवा रिझर्व्हला आलेली नको. सगळे मॉनिटर एका दिवसात पुरे होतीलच असं नाही, तीन-चार दिवस लागतात.

अमेरिकेत राहणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असेल. कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीसारख्या राज्यांत तपासणीला जाण्याच्या आदल्या रात्री कोड पुसून गेलात तर मॉनिटर अपुरे दिसतात आणि गाडी पास होत नाही. आपल्याकडे याचा उपयोग जुनी गाडी घेताना होतो. मालकाच्या परवानगीने पोर्टला अ‍ॅडाप्टर लावा. दिवा बंद आहे, कोड एकही नाही, पण बरेचसे मॉनिटर अपुरे आणि ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ आठ किलोमीटर असं दिसलं, तर तुम्ही यायच्या थोडं आधी कुणीतरी काहीतरी पुसलंय. काय पुसलं ते विचारा. उत्तर गोलमोल आलं तर व्यवहार आठवडाभर पुढे ढकला, गाडी तोवर रोज चालू द्या, आणि परत येऊन वाचा.

काम झालं की अ‍ॅडाप्टर काढून घ्या. पोर्टमध्ये बॅटरीचा प्रवाह कायम असतो, आणि महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी एवढ्याने उतरू शकते.

आठवड्याभराने कोड पुन्हा वाचा, पेंडिंगसकट. तोच कोड परत आला असेल तर वही घेऊन गॅरेजमध्ये जा आणि ‘चेक इंजिनचा दिवा लागतोय’ एवढंच सांगू नका. सांगा, ‘पी०३०३ आहे, गरम इंजिनाला चढावर येतो, कॉइल आणि प्लग दोन्हींची अदलाबदल करून बघितली, सिलिंडर तोच राहिला, ट्रिम अधिक चार आहे.’ कुणी थेट ‘ईसीयू बदलावा लागेल’ म्हटलं तर आधी ईसीयूला जाणारा सप्लाय, अर्थिंग आणि कनेक्टरच्या पिना तुमच्यासमोर मल्टिमीटरने तपासून मागा. पावसाळ्यात पाण्यातून गेलेल्या गाडीत त्या पिनांवर हिरवा गंज चढलेला असतो, आणि तो कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ होतो.